एक मीटर उसाची सावली

मी मूळचा गंगाखेड तालुक्यातला. सध्या पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे, पंपांचे सुटे भाग करतो. रॉकेट मी बनवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडची पोरं मला ‘रॉकेटवाले सर’ म्हणतात आणि मीही ते कधी नीट खोडून काढलेलं नाही.

त्याचं असं झालं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि माझ्याही अंगात वारं शिरलं. महिन्यातून एका रविवारी परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं आणि मुलांना अंतराळाबद्दल सांगायचं, असं मी ठरवलं. पहिल्या खेपेला लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि साठ चित्रं घेऊन गेलो. बाराव्या चित्राला लाईट गेली. मी तसाच अर्धा तास बोलत राहिलो. पोरं अगदी गप्प. मला वाटलं, रंगलीत. नंतर कळलं, गुरुजींनी आधीच दम दिला होता!

निघताना सहावीतली एक मुलगी फाटकापाशी आली. म्हणाली, “सर, हे सगळं तिकडं श्रीहरिकोट्याला. इथं आपल्याला काय करता येतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या गाडीत रात्रभर तोच प्रश्न डोक्यात.

पुढच्या वेळी प्रोजेक्टर घरीच ठेवला आणि नकाशाचं पुस्तक नेलं. तुम्हीही तुमचं काढा. गंगाखेडवर बोट ठेवा आणि डावीउजवीकडं न सरकता सरळ खाली या. सोलापूर उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला राहील. कर्नाटक ओलांडलंत की बोट केरळच्या किनाऱ्यावर, तिरुवनंतपुरमजवळ टेकेल. तिथंच थुंबा आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं रॉकेट उडालं ते थुंबाहून. रॉकेट अमेरिकेकडून आलेलं, कचेरी एका जुन्या चर्चमध्ये, आणि त्या काळी रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून नेत. सायकलचं ऐकून पोरं जी हसली!

गंगाखेड आणि थुंबा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणजे सूर्य दोन्हीकडं एकाच वेळी माथ्यावरची रेघ ओलांडतो. आता ती वेळ ओळखायची कशी? घड्याळातल्या बारावर जाऊ नका. जमिनीत काठी उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा खरी दुपार.

आणि एकदा काठी हातात आली की पृथ्वीसुद्धा मोजता येते. इरॅटोस्थेनिस नावाच्या माणसाने ती बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये मोजली होती. पृथ्वी केवढी हे ठाऊक नसेल तर उपग्रह तिच्याभोवती फिरवणार कसा? फक्त एकाच दिवशी दोन गावांतली सावली लागते, एक गाव उत्तरेचं, एक दक्षिणेचं. आम्ही २२ डिसेंबर २०२४ हा दिवस धरला. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एक, त्यातून रविवार. उत्तरेचं गाव आमचं. दक्षिणेला कोण?

दिवाळी झाली आणि फाटकापाशी भेटलेली तीच मुलगी म्हणाली, “सर, मी तर नसणार. आम्ही कोल्हापूरकडं जायलोत.”

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, अशा कोयत्यांची मिळून टोळी, टोळीवर मुकादम. कारखान्याजवळ किंवा फडाजवळ कोप्या घालून राहायचं. मुलांना गावी राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. पण तिचा भाऊ तीन वर्षांचा. आई फडात असताना त्याला कोण बघणार? म्हणून शाळा सोडून तिनं जायचं. मला राग आला. कुणाचा आला, ते अजून नीट सांगता येत नाही.

मी तिला म्हटलं, “मग दक्षिणेचं गाव तुझं. थुंबाची जागा शोधणाऱ्यांमध्ये एकनाथ चिटणीस होते, तेही कोल्हापूरचेच.”

२२ तारखेला शाळेच्या मैदानात चाळीसेक पोरं जमली. एक मीटरची काठी, तिच्याशेजारी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा. बारा एकवीसला सावली सगळ्यांत आखूड, साडेएक्याण्णव सेंटीमीटर. मग सगळे माझ्या फोनभोवती. कोल्हापूर पश्चिमेला, तिथली दुपार दहा मिनिटं उशिरा. साडेबारा झाले, पाऊण झाला. फोन नाही. एक पोरगा म्हणाला, “विसरली असंल ती.” मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

एक वाजून गेल्यावर मुकादमाच्या फोनवरून तिचा आवाज आला. “सर, चौऱ्याऐंशी! भाऊ खुणा पुसायलाय, म्हणून उशीर झाला.” काठी नव्हतीच. तिनं सरळ उसाचं एक टिपरू निवडलं होतं आणि दप्तरातली फूटपट्टी तीन वेळा ठेवून, वर दहा सेंटीमीटर धरून ते बरोब्बर एक मीटरला तोडलं होतं.

आम्ही वहीत दोन त्रिकोण काढले. काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकानं मोजला. आमचा साडेबेचाळीस अंश, तिचा चाळीस. फरक अडीच. पूर्ण वर्तुळात अडीच अंश १४४ वेळा बसतात. दोन ठिकाणांमधलं अंतर नकाशावर पट्टीनं मोजलं. तिरकं नाही, फक्त उत्तर-दक्षिण. ते सुमारे २५० किलोमीटर. गुणाकार केला, ३६,००० किलोमीटर.

पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,०००. चार हजार कुठं गेले? सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. त्यामुळं सावलीची कड पुसट पडते आणि अर्ध्या सेंटीमीटरचा घोटाळा होतो. शिवाय कोनमापकावर पाव अंश कुणाला दिसतो! काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावला असता तर जमिनीवर प्रकाशाचा छोटा गोल पडला असता आणि त्याचा मध्य धरता आला असता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

हंगाम संपला, ती गावी आली. वाळून काटकी झालेलं ते टिपरू तिनं परत आणलं होतं. १५ मे २०२५ ला मी रजा टाकून गेलो. शाळेला सुट्टी, मैदानात आम्ही सात-आठ जण, आभाळ अर्धं भरलेलं. त्या सुमारास आमच्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बारा एकोणीसला तिनं टिपरू उभं धरलं. सावली नाहीच. भाऊ टिपराभोवती फिरून शोधत राहिला.

ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, “सर, तिकडं कोल्हापूरला आठ-नऊ दिवस आधीच गेली असंल की हो सावली.”