नाताळचें ताट

विलायतेचीं प्रवासवर्णनें वाचून वाचकांस आतां कंटाळा आला असेल. म्हणून थेम्स नदी, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालयें यांविषयीं आम्ही येथें एक अक्षरहि लिहिणार नाहीं. दोन वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत आम्ही उभयतां चिरंजिवांच्या बिऱ्हाडीं ऑक्सफर्डास राहावयास गेलों होतों. त्या मुक्कामांत नाताळचे चार दिवस एका वऱ्हाडी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं काढण्याचा योग आला. सांगावयाचें आहे तें त्या चार दिवसांविषयीं. आणि त्यांतील एक गोष्ट अशी आहे कीं, ती लिहितांना लेखणी अडखळते.

आमचें मूळ गांव संग्रामपूर. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगास, सातपुड्याच्या पायथ्याशीं. आगगाडीसाठीं शेगांवास जावें लागतें. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. आमच्या लहानपणीं जळगांव-जामोद तालुक्यांतील कापसा-ज्वारीचें एक गांव, एवढीच त्याची ओळख होती. तेथील दवाखान्यांत १९६० च्या सुमारास एक ख्रिस्ती बाई नोकरीस होत्या. त्यांचें नांव कोणी घेत नसे; साऱ्या पंचक्रोशीस त्या 'नर्सबाई' म्हणूनच ठाऊक. आमचे धाकटे बंधु जन्मले ते पायाळू. श्रावणांतली रात्र, नाल्यास पूर, शेगांवचा रस्ता बंद. नर्सबाई कंदील घेऊन चिखल तुडवीत आल्या, आणि पहांटेस बाळबाळंतीण सुखरूप आजीच्या हवालीं करून ओट्यावर येऊन बसल्या. आजीनें त्यांचे हात धरले आणि ती रडली, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें. मग तिनें त्यांस चहा दिला. ओट्यावरील कोनाड्यांत कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे, त्या कपांतून दिला. नर्सबाईंनीं चहा घेतला, कप आपणच विसळला आणि पुन्हा कोनाड्यांत पालथा ठेवला. त्यानंतर आजीनें डोक्यावरून स्नान केलें. तें बाळंतपणाचें कीं नर्सबाईंच्या हाताचें, हें त्या वयांत आम्हांस कळलें नाहीं.

आजी निर्दय नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं निघालीं, तीं घरांत होतीं. दुपारीं ओट्यावर आत्या तीं मोठ्यानें वाची आणि आजी वाती वळीत ऐके. टिळक ख्रिस्ती झाल्याची वार्ता लक्ष्मीबाईंस कळते, तो भाग आला कीं आजी डोळ्यांस पदर लावी. कोनाडा तिच्या डोक्यावरच होता.

दर नाताळास नर्सबाईंकडून आमच्या घरीं फराळाचें ताट येई. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि वर क्रोशाचा रुमाल. घेऊन येई ती त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी. ताट ओट्यावर ठेवावयास सांगून आजी म्हणे, "आईस सांग हो, फार छान झालें आहे." न चाखतांच म्हणे. मुलीच्या हातावर वरून गूळ-खोबरें पडे. ती वळली कीं ताट मागल्या दारानें गड्याच्या घरीं जाई. दुसऱ्या दिवशीं ताट घांसूनपुसून, त्यांत मूठभर साखर घालून परत पाठविलें जाई. कारण रिकामें ताट परत करूं नये अशी रीत. असें पांच-सहा वर्षें चाललें. एका वर्षीं गोठ्यामागें उभे राहून आम्ही गड्याच्या मुलाजवळून अर्धी करंजी मागून खाल्ली, ही गोष्ट घरांत आजवर कोणास ठाऊक नाहीं. ती फार चांगली झाली होती.

ऑक्सफर्डास पोंचून आठ दिवस झाले नसतील, तोंच बंधूंचा संग्रामपुराहून फोन आला. नर्सबाईंची मुलगी चाळीसएक वर्षांपूर्वीं परिचारिका म्हणून विलायतेस गेली, ती तुमच्याजवळच वाँटेज गांवीं असते, असें त्यांनीं कोठून तरी शोधून काढलें होतें. फोनहि मिळविला होता. आम्ही भीत भीतच फोन केला. 'संग्रामपूर' एवढा शब्द तोंडांतून निघतो न निघतो, तोंच पलीकडून आवाज आला, "वाड्यातले मोठे भाऊ का? अहो, नाताळले या. चार दिवस राहूनच जा." चिरंजीव आणि सूनबाई दोघेंहि रुग्णालयांत, सणाच्या दिवसांत दोघांचीहि पाळी लागलेली. तेव्हां २३ तारखेस त्यांनीं आम्हांस मोटारीनें वाँटेजला पोंचतें केलें.

घर लहानसें, ओळीच्या घरांपैकीं एक. यजमान खामगांवकडचे, तिकडील टपालखात्यांतून निवृत्त झालेले. मुलगा, इंग्रज सून आणि दोन नातवंडें सणासाठीं आलेलीं. डिसेंबरांत त्या देशीं आठ वाजेपर्यंत सूर्य उगवत नाहीं आणि चारच्या सुमारास मावळतोहि. त्या अंधारांत सहा वाजतां यजमान दिवा लावून मराठी बायबलाचा एक अध्याय वाचीत. मग पुठ्ठा निखळलेल्या 'उपासनासंगीता'तून ना. वा. टिळकांचें एखादें भजन होई. बाई पेटी धरीत, यजमान झांज वाजवीत. तीहि हलक्या हातानें, कारण भिंतीपलीकडे शेजारी निजलेले. शेवटीं प्रार्थना, आणि तींत माणसांचीं नांवें एकामागून एक घ्यावयाचीं. दुसऱ्या दिवशीं त्या यादींत आमच्या बंधूंचें नांव ऐकून आम्ही चमकलों. आपल्या आईनें ज्यांना या जगांत आणलें त्या संग्रामपूरच्या मुलांचीं नांवें बाईंस पाठ होतीं, आणि वर्षांतून एकदां, नाताळच्या आदल्या दिवशीं, त्या तीं सारीं घेत.

न्याहारीस ज्वारीची भाकरी आणि झुणका. पीठ ऑक्सफर्डच्या काउली रस्त्यावरील दुकानांतून येई. डाळ मात्र शिजतां शिजत नसे. तो मुलूख चुनखडीचा. चहाच्या किटलींत पांढरे थर बसतात. बाई चिमूटभर सोडा टाकीत म्हणाल्या, "आपला खारपाणपट्टा सोडून पळाली मी, तर पाणी माझ्या मागं इथंवर आलं."

या कुटुंबाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेनें अकोला, खामगांव या बाजूस ठाणीं घातलीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ जवळजवळ लागोपाठ पडले, आणि आईबापांवेगळीं झालेलीं कित्येक मुलें मिशनच्या आश्रयास गेलीं. नर्सबाईंची आजी त्यांपैकीं एक. तिला आपलें गांव आठवत नव्हतें. विहिरीजवळ चिंच होती, एवढेंच ती सांगे. वाँटेजच्या देवळांत लोक बाईंस चाळीस वर्षें ओळखतात, मान देतात. तरी अजून कोणीतरी नवा मनुष्य सौजन्यानें विचारतोच, तुम्ही ख्रिस्ती केव्हां झालां? बाई म्हणाल्या, "गावात आम्ही सायबाच्या धर्माचे, अन् सायबाच्या गावात आम्ही हिंदू." हें त्या हंसत म्हणाल्या. आम्हांस हंसतां आलें नाहीं.

वाँटेज हें नांव सुशिक्षित मराठी घरांस अगदींच अपरिचित नसावें. पंडिता रमाबाई १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठांत उतरल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. एवढें झालें तरी त्या मांसाहाराकडे वळल्या नाहींत. अंडें घातलेलें पुडिंग त्या घेत नसत, आणि हा त्यांचा जुन्या जातीचा अहंकार आहे असें भगिनींस वाटे. पत्रोपत्रीं वाद झाला. आपण हिंदु आहों, तसें म्हणवून घेणें आपल्याला आवडतें आणि वाडवडिलांचे आचार शक्य तितके आपण पाळतों, अशा अर्थाचें उत्तर बाईंनीं धाडलें. हीं पत्रें १९७७ सालीं छापून निघालीं आहेत. ज्यांस रमाबाई म्हणजे केवळ धर्मांतर असें वाटतें, त्यांनीं तीं अवश्य वाचावींत. यजमानांनीं आणखी एक गंमत सांगितली. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक प्रभृति मंडळींनीं चहा घेतला आणि त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, हें आपण सारे जाणतों. त्या मिशनचे फादर काउलीचे आणि तेथील भगिनी वाँटेजच्या. "म्हणजे तो चहा आमच्याच गांवचा," असें म्हणून त्यांनीं आमचा कप पुन्हा भरला.

पुडिंगाचें म्हणाल, तर तेथील रीतीप्रमाणें तें महिनाभर आधींच शिजवून ठेवतात. बाईंनीं आमच्यासाठीं दुसरें एक लहान पुडिंग अंड्यावांचून, वनस्पतीची चरबी घालून केलें होतें. आम्ही येणार हें ठरल्यावर पहिलें काम त्यांनीं हेंच केलें, असें सूनबाईंकडून कळलें.

२४ तारखेस दुपारीं फराळ करावयास घेतला. दिवेलागण झालेली, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांतील गायन नभोवाणीवर चाललेलें. या कार्यक्रमास १९१८ सालीं आरंभ झाला आणि तेथील सारीं घरें तो ऐकत ऐकत स्वयंपाक करतात. बाई सारण भरीत होत्या. आमच्या सौभाग्यवती कातण्यानें करंज्या कापीत होत्या. कातणें पितळी, दांते झिजलेले, नर्सबाईंचें. कढईचा धूर वर जातांच छतावरील धोक्याची घंटा किंचाळूं लागली, आणि थोरला नातू सरावानें खुर्चीवर चढून तिला टॉवेलानें वारा घालूं लागला. या गडबडींत मान वर न करतां बाई म्हणाल्या, "आमच्या आईच्या करंज्या तुमच्या आजीले लय आवडत, नाही का भाऊ?"

आम्ही म्हणालों, "हो. फार."

सत्तरी ओलांडलेल्या मनुष्यास रात्रीची झोंप तशीहि कमीच. त्या रात्रीं ती मुळींच आली नाहीं. आजीची बाजू आम्ही मनांत नानापरीनें मांडून पाहिली. काळ तसा होता; घराची रीत तिनें घातलेली नव्हती; तिनें नर्सबाईंचे हात धरले होते. सारें खरें. परंतु आज खोटें बोलले ते आम्ही. तेथें आजी कोठें आली?

नाताळच्या दिवशीं आगगाड्या बंद, बहुतेक बसगाड्याहि बंद. रस्त्यावर चिटपाखरूं नाहीं. सकाळीं देऊळ झालें. दुपारीं जेवणें. तीन वाजतां राजांचें भाषण लागलें, तेव्हां इंग्रज सूनबाई लक्ष देऊन ऐकत होती आणि यजमान खुर्चींत घोरत होते. मोठ्या ताटांत करंज्या आल्या. आम्ही तीन खाल्ल्या. एकीचीहि चव कळली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बाई फिरावयास निघाल्या, तेव्हां आम्ही त्यांजबरोबर गेलों. बाजारचौकांत आल्फ्रेड राजाचा दगडी पुतळा आहे. तेथें एका बाकावर टेकलों, आणि काय तें सांगून टाकलें. ताट ओट्याच्या आंत कधीं आलें नाहीं. आजीनें एक घांसहि घेतला नाहीं. सारें गड्याकडे जाई.

बाई पुतळ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मले माहीत आहे, भाऊ. गड्याचा पोरगा माझ्याच वर्गात होता. सुटी संपली की सांगे, यंदा करंज्या खुसखुशीत होत्या, चकल्या जरा कडक होत्या. मी तेच आईले जाऊन सांगितलं, दर साली. आजीचा निरोप म्हणून. आई पुढच्या साली चकल्यांत मोहन वाढवे."

"नर्सबाईंस कधीं कळलें?"

"मी तर नाही सांगितलं. आईले कळलं असंल तर तिनं मले नाही सांगितलं."

थोड्या वेळानें आम्ही विचारलें, "मग परवां तुम्ही तें विचारलेंत कां?"

"तुम्ही काय म्हणता ते पाहावं म्हटलं."

वारा बोचरा होता, आम्ही उठलों. वाटेंत त्यांनीं संग्रामपूरच्या शाळेंतील कवठाचें झाड अजून आहे का, हें विचारलें. तें नाहीं, हें सांगावें लागलें.

२७ तारखेस निघतांना बाईंनीं सौभाग्यवतींच्या हातीं फराळाचा स्टीलचा डबा दिला. वर क्रोशाचा रुमाल होता. आम्ही डबा ऑक्सफर्डच्या बसमध्येंच उघडला. करंज्या उत्तम होत्या. चकल्या जरा कडक झाल्या होत्या. तसें आम्ही त्याच रात्रीं फोन करून त्यांस कळविलें.