स्किप करण्याआधी...

हॉस्टेलवर गीझर, वायफाय आणि लिफ्ट यांपैकी कधी काय चालेल याची गॅरंटी नाही. पण ‘स्किप ॲड’ हे बटण मात्र हमखास चालतं. पाचवा सेकंद झाला की अंगठा आपोआप तिकडे जातो. मॅच असो, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री बघायला घेतलेलं थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर असो, जाहिरात म्हणजे मधला अडथळा!

मी मात्र जाहिरात शेवटपर्यंत बघणाऱ्या अल्पसंख्याकांपैकी आहे. आवडली तर मागे नेऊन पुन्हा बघते. रूममेट विचारते, ‘‘अगं, तुला विकत काय घ्यायचंय?’’ काहीच नाही गं! मला फक्त बघायचंय. एखादं चित्र बघावं, तसं.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे ‘ॲप्रिसिएशन’ हा शब्द कवितेच्या पेपरात भेटायचा. टीचर दोन प्रश्न विचारायच्या : कवीला काय म्हणायचंय? आणि ते त्याने कसं म्हटलंय? हे प्रश्न शेक्सपिअरला विचारायचे, टेनिसनला विचारायचे. साबणाच्या जाहिरातीला विचारावेत असं मात्र कुणी सांगितलं नाही. का बरं?

जरा विचार करा. पिक्चरला आपण तिकीट काढून जातो, म्हणजे आपण आधीच राजी असतो. जाहिरातीचा प्रेक्षक राजी नसतो, वैतागलेला असतो. त्याला तीस सेकंदांत थांबवायचं, हसवायचं आणि वर वस्तूचं नाव लक्षात ठेवायला लावायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कन्स्ट्रेंट्स भरपूर आणि टॉलरन्स शून्य. व्हायव्हाला असा प्रॉब्लेम आला तर अर्धा वर्ग रांगेतूनच परत जाईल!

फेविकॉलची २००२ सालची बसची जाहिरात घ्या. राजस्थानचा खडबडीत रस्ता, माणसांनी खच्चून भरलेली बस. टपावर माणसं, दाराला माणसं, मागे लटकलेली माणसं. बस गचके खाते, पण एकही जण पडत नाही. शेवटी बस पुढे निघून जाते आणि मागच्या बाजूला फेविकॉलचा बोर्ड दिसतो. बस्स! ‘आमचा गोंद मजबूत आहे’ असं कुणीही म्हणत नाही. आपल्या एसटीने दिवाळीला गावी गेलेल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही. ज्यांच्या एजन्सीची ही जाहिरात, ते पियूष पांडे ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. तेव्हा ग्रुपवर त्यांच्या जाहिराती फिरत होत्या आणि प्रत्येक जण म्हणत होता, ‘‘अरे, ही पण यांचीच?’’ पाठ सगळ्यांना होत्या, नाव फार थोड्यांना माहीत होतं.

किंवा व्होडाफोनचे झूझू, २००९ च्या आयपीएलमधले. पांढरे, अंड्यासारख्या डोक्याचे. मला तर ते कम्प्युटरवरचं ॲनिमेशनच वाटायचं. प्रत्यक्षात आत खरी माणसं होती! पांढरे सूट घातलेली सडपातळ माणसं. शूटिंगही सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी २० फ्रेम्सनी केलेलं. म्हणजे पडद्यावर हालचाल थोडी भरभर आणि कार्टूनसारखी दिसणार. खर्चिक सॉफ्टवेअरचा इफेक्ट साध्या जुगाडाने काढला. मेकॅनिकलवाल्यांनो, टाळ्या!

सिनेमाच्या जाहिरातीचा इतिहास तर आपल्या घरचाच. दादासाहेब फाळके पिक्चर काढण्याआधी छपाईच्या धंद्यात होते. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सुरतेला गर्दी होईना, कारण नाटक रात्रभर चालायचं आणि हे दीड तासात संपायचं. मग फाळक्यांनी जाहिरात केली, की तीन आण्यांत ५७ हजार फोटो बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा! कथेचं नाव नाही, नटांचं नाव नाही, सरळ क्वांटिटी!

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, त्यामुळे हे वाचल्यावर कॅल्क्युलेटर काढलाच. ३५ एमएमच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम्स बसतात. ५७ हजार भागिले १६, म्हणजे साधारण ३५६० फूट. मैल असतो ५२८० फुटांचा. म्हणजे दोन मैल सोडाच, पूर्ण एक मैलही भरत नाही! फाळके मास्तरांनी मापात जरा हात सैल सोडलेला दिसतो. मला ते वाचून हसू आलं आणि त्यांच्याबद्दलचं प्रेम थोडं वाढलंच.

तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमा काढू लागले आणि आपल्या पिक्चरची पोस्टरं स्वतः रंगवू लागले. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतातल्या सर्वात जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. आणि कोल्हापूरचे जी. कांबळे! ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरं त्यांची, आणि सरकारी ऑफिसातून दिसणारं शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्रही त्यांचंच. एकाच हाताचं काम. पण एकाला आपण हात जोडतो आणि दुसरं पिक्चर उतरला की फाडून त्यावर नवीन चिकटवतो.

इथे माझी रूममेट मुद्द्याचं बोलते. ‘‘सगळं खरं गं, पण शेवटी हे विकण्यासाठीच ना? खोटं नटवून सांगायचं, ती कसली कला?’’

हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. मी सावळी आहे. सातवीत असताना एका मावशीने मला गोरं करणारी क्रीम आणून दिली, अगदी प्रेमाने. दोष मावशीचा नव्हता. टीव्हीवर ती मुलगी ट्यूब लावायची, उजळायची, आणि मग तिला नोकरी मिळायची, वडील कौतुक करायचे. मावशीला वाटलं, आपल्या पोरीलाही मिळावं. ती जाहिरात वाईट बनवलेली असती तर इतकी आत शिरलीच नसती. चांगली बनवली होती, हाच तर प्रॉब्लेम!

पुढे फर्स्ट इयरला असताना तशीच एक जाहिरात यूट्यूबवर सापडली. मी ती थांबवून थांबवून बघितली, टीचरचे दोन प्रश्न विचारत. आणि मज्जा बघा : आधीच्या शॉटमध्ये त्या मुलीवर लाइटच नीट टाकलेला नाही! मळकट रंगाचा ड्रेस, खांदे पडलेले, मान खाली. नंतरच्या शॉटमध्ये समोरून भरपूर लाइट, मोकळे केस, हसरा चेहरा. क्रीमने काय केलं देव जाणे, पण लाइटमनने बरंच काम केलं होतं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. सातवीपासून मनात बसलेली गोष्ट एका पॉझ बटणाने उठून गेली.

म्हणून रूममेटला माझं उत्तर असं : जाहिरात खोटं बोलू शकते, म्हणूनच ती कलाकृतीसारखी बघायला हवी. नुसतं ‘सगळं फालतू’ म्हणून तोंड फिरवलं तर ती कानातून आत शिरतेच. जिंगल्स आपण कधी पाठ करायला बसलो होतो का? नीट बघितलं तर मात्र दोन्ही कळतं, हात किती कसबी आहे आणि तो आपल्या खिशात कुठवर गेलाय.

आणि कधीकधी जाहिरात स्वतःच शहाणी होते. कॅडबरीच्या १९९४ च्या जाहिरातीत बॅट्समन सिक्स मारतो आणि त्याची मैत्रीण नाचत मैदानात शिरते. २०२१ मध्ये तीच जाहिरात पुन्हा केली. या वेळी सिक्स मुलगी मारते आणि नाचत येतो तो मुलगा. मधल्या सत्तावीस वर्षांत काय बदललं, यावर निबंध लिहायची गरजच नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, रोज एक तरी जाहिरात पूर्ण बघा. आवडली तर का आवडली ते शोधा, राग आला तर तोही कुठल्या शॉटला आला ते बघा. आणि हो, आपल्या गॅदरिंगचं पोस्टर लागेल ना, त्यावर स्पॉन्सरचं नाव ठळक असतं, पण रात्रभर जागून ते बनवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. यंदा त्याला म्हणावं, खाली कोपऱ्यात बारीक का होईना, सही कर!