साडेतीन मिनिटांची बाजू

ग्रामोफोनची सुई. पोलादी, एका बाजूला एक वापरायची आणि टाकायची. कुत्र्याचं चित्र असलेल्या तिच्या पत्र्याच्या डब्या अजून दिसतात, पण रिकाम्या.

तबकडी. लाखेची, हातातून सुटली की तुकडे. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अस्ताई-अंतरा, चार ताना, आणि समेवर येऊन थांबायचं. मल्लिकार्जुन मन्सूरांचा तरुणपणीचा गौड मल्हार असाच आहे: एक स्वर वाया नाही. बंगळुरूच्या बेळ्ळंदूरला रिंग रोडचे हॉर्न रात्रीही थांबत नाहीत, तेव्हा खिडक्या लावून मी हाच आधी लावतो.

शेवटी नाव सांगणं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायली आणि इंग्रजीत आपलं नाव पुकारून थांबली. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. लेबल कुणाचं लावायचं ते तिथल्या कारागिरांना त्यावरून कळे. १९३० साली ती वारली म्हैसूरला. इथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या आत पोचतो आपण.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी. ती ऐकून भीमसेन जोशी घर सोडून गेले. संग्रहाची सुरुवात हिच्यापासून करावी.

शेजारी अमेरिकन ब्लूज ठेवावा. बेसी स्मिथ, आणि रॉबर्ट जॉन्सन, ज्याची १९३६-३७मध्ये टेक्सासात ध्वनिमुद्रित झालेली २९ गाणी आपल्याकडे उरली आहेत. आणि चार्ली पॅटन. त्याची बहुतेक गाणी काढणारी पॅरामाउंट कंपनी मंदीत बुडाली, धातूचे मूळ साचे भंगारात गेले. आज पॅटन ऐकू येतो तो लोकांनी घरी वाजवून वाजवून झिजवलेल्या तबकड्यांवरून. खरखर आहे म्हणून टाकून दिल्या असत्या तर तो आवाजच गेला असता. म्हणून चरे पडलेली तबकडी मी कधी नाकारत नाही.

लेबलवरचं जुनं नाव. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी' आहे. आवाज बारीक, उंच, तारसप्तकात सहज फिरणारा. पुढे घशाच्या उपचारानंतर तो भरदार झाला आणि जगाने तोच ओळखला. पहिला आवाज आता तबकड्यांतच आहे. मी तो इंटरनेटवरून ऐकतो, पण मूळ तबकडी हवी आहे. हुबळी, धारवाड, बेळगाव, मिरज, कुणाच्या माळ्यावर असेल तर रद्दीत घालण्याआधी कळवा.