दोन दिवस समुद्राचे

मैत्रिणींनो, जालन्याच्या बाईला समुद्राचं काय? आपला निम्मा जीव नळाला पाणी कधी येणार, यातच अडकलेला. पण माझी नणंद मस्कतला असते. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. ती म्हणते, "वहिनी, एक चटई आणि चहाचा थर्मास घेतो, कुरुमच्या किनाऱ्यावर जातो आणि नुसते बसतो." नुसतं बसायचं! ते माझ्या मनात घर करून राहिलं.

मस्कत लांब; पण आपलं अलिबाग काही परदेशात नाही. शुक्रवारी रात्री जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, पुढे बसने अलिबाग. रविवारी रात्रीच्या गाडीने परत. भर पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, म्हणून बेत दिवाळीनंतरचा करावा.

"पण पाणी कोण भरेल?" आलं ना तुमच्याही मनात? आमचा बेत तिथेच अडला होता. "तुम्ही मुलांना घेऊन जा, मी राहते," असं मी म्हटलंदेखील. हे म्हणाले, "मग सुट्टी कुणाची?" शेवटी शेजारच्या काकूंशी ठरवलं. आमचं पाणी त्या भरतील. त्या लेकीकडे गेल्या की त्यांचं मी.

दुसरी गोष्ट स्वयंपाकाची. वाटेपुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. स्टोव्ह, पिठाचे डबे मुळीच नकोत. नाहीतर चूल तेवढी जालन्याहून अलिबागला जाते, आणि आपण तिच्यापुढेच बसतो. खानावळीतली तांदळाची भाकरी दुसऱ्या कुणी गरम गरम वाढली की तिची चव काय लागते, ते खाऊनच पाहा!

तिसरं, भिंतीवरचं कॅलेंडर बघून निघा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची साधारण वेळ काढतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पण अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हटत नाही, म्हणून तिथल्या माणसांना विचारूनच पाऊल टाका आणि भरती चढायच्या आत परता. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचा साठा! मला तर तेच पाहून नवल वाटलं. मुलांना ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू देऊ नका. पाणी आत ओढतं.

शनिवारी संध्याकाळी हे मुलांबरोबर वाळूत खेळत होते आणि मी तासभर बसून होते. पहिली पंधरा मिनिटं हात नुसते चुळबुळत होते, काहीतरी निवडायला, कशाची तरी घडी घालायला. मग तेही मांडीवर स्वस्थ पडले. लग्नानंतर इतका वेळ रिकामी बसल्याचं मला तरी आठवत नाही.

तेव्हा गाडीचं रिझर्व्हेशन मागाहून करा. आधी पाणी भरायला शेजारणीला विचारून ठेवा, आणि तिचं भरायची तयारीही ठेवा.