१२४८ सीसी आणि तीन लिटर ऑइल

भौतिकशास्त्राच्या तासाला घनफळ शिकवताना मी कायम एकच उदाहरण घ्यायचो. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, सिलिंडर चार. मुलं वहीत आकडेमोड करायची आणि उत्तर यायचं १२४८ घन सेंटिमीटर. "सर, हे तुमच्या गाडीचं इंजिन ना?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच. खरं सांगायचं तर तो प्रश्न यावा म्हणूनच मी ते उदाहरण घेत होतो.

इंजिन होतंच तसं मिरवण्यासारखं. फियाटचं १.३ मल्टिजेट. २००३ पासून पोलंडमध्ये बनू लागलेलं. आपल्याकडे २००७ च्या सुरुवातीला ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस या नावाने आलं, पुढच्याच वर्षी टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट होऊन बसलं, आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांसाठी आमच्यापासून फार लांब नसलेल्या रांजणगावात तयार होऊ लागलं. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन, म्हणून गाडीवेडी मंडळी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायची. ७५ अश्वशक्ती, २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहा आलं आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. माझ्याकडे यातली कुठली गाडी होती ते सांगत नाही. जे बिघडलं ते मी बिघडवलं, त्यात कंपनीचं नाव कशाला?

या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. बेल्टवाल्यांना ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलावा लागतो. आमच्या पुस्तिकेत चेन बदलायचा रकानाच नव्हता. हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलं असेल की बेल्टवाल्या गाडीचे मालक असलेले एक सहकारी माझ्या शेजारी बसायचे बंद झाले. चेन म्हणजे जन्माची सोय, असं मी धरून चाललो.

ही चेन स्वतःच्या बळावर ताठ राहत नाही. तिला एक टेन्शनर दाबून धरतो आणि त्या टेन्शनरमागे असतो इंजिन ऑइलचा दाब. ऑइल किती? फिल्टर धरून तीन लिटरच्या आसपास. लहान इंजिनाला लहान सम्प. त्यातलं लिटरभर उडालं तर तिसरा हिस्सा गेला. मग घाटाच्या वळणावर उरलेलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. हा हिशेब मी कुठल्याही मुलाला फळ्यावर मांडून दिला असता. स्वतःसाठी मांडला नाही.

डिपस्टिक मी बघतच नव्हतो, असं नाही. सुरुवातीला बघायचो. पण डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं, कारण काजळी त्यात मिसळते. दरवेळी पट्टी पुसायची, दरवेळी तोच काळा रंग. यात बघण्यासारखं काही नाही, असं ठरवून मी बघणं सोडलं. रंगाकडे बघत होतो, पातळीकडे नाही. आणि मनात एक भरवसा होता की कमी पडलं तर लाल दिवा लागेलच. तो दिवा दाबाचा असतो, पातळीचा नसतो. तो लागेपर्यंत बेअरिंगांनी आणि चेनने बरंच सोसलेलं असतं.

त्यात आणखी एक शहाणपणा. पुस्तिकेत पातळ ग्रेडचं सिंथेटिक ऑइल सांगितलं होतं. ते महाग. आमच्या ओळखीच्या दुकानात ट्रॅक्टरला चालणारं पंधरा-चाळीस मिळायचं, जवळजवळ अर्ध्या किमतीत. "डिझेल ते डिझेल, सर," दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं. पटायचं कारण शास्त्रीय नव्हतं. जाड ऑइल साताऱ्याच्या डिसेंबरातल्या सकाळी टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ लावतं. तेवढा वेळ चेन सैल फिरते. बदलण्याची मुदतही मी लांबवत गेलो, कारण गाडी फार चालतच नव्हती. पण ती चालायची ती घर ते कॉलेज, इंजिन नीट तापायच्या आत बंद. असल्या चालवण्यात ऑइल लवकर खराब होतं.

मग सकाळी स्टार्टर मारला की पहिले काही सेकंद खडखड ऐकू येऊ लागली. गरम झाल्यावर गायब. "डिझेल आहे, आवाज करणारच," हे माझं उत्तर बायकोला, शेजाऱ्यांना आणि एकदा तर मेकॅनिकलाही. त्याने काही न बोलता बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली. खालच्या खुणेच्याही खाली टोकाला थोडं ओलं होतं.

"सर, शेवटचं कधी बघितलं?"

मी म्हणालो, "परवाच." हे खोटं होतं, आणि त्याला ते कळलं.

चेन ताणली गेली असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड रबरासारखं लांबत नाही. कड्याकड्यातल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली केसभर ढिलाई मिळून अख्खी चेन लांब होते. काजळीने भरलेलं जुनं ऑइल त्या पिनांना पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. चेन एखादा दात ओलांडून गेली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ चुकते आणि ते एकमेकांवर आदळतात. या इंजिनात तेव्हा आधी रॉकर तुटतात. माझे तुटले नाहीत. ही माझी हुशारी नव्हे, मेकॅनिकने गाडी तिथेच ठेवून घेतली म्हणून.

तरी मी काटकसर सोडली नाही. त्याने चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट असा पूर्ण संच सांगितला. मी म्हणालो, झिजली आहे ती चेन, तीच बदला. त्याने दोनदा समजावलं आणि मग माझ्या पैशाला मान देऊन तेवढंच केलं. काही महिन्यांत खडखड परत. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, हे सायकल वापरलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. पुन्हा कव्हर उघडलं, पुन्हा मजुरी, आणि या वेळी संच पूर्ण.

या धसक्याने मी दुसऱ्या टोकाला गेलो. दर रविवारी डिपस्टिक, आणि जरा कमी वाटलं की ओत. गाडी उतारावर उभी असायची, त्यामुळे पट्टी चुकीचं दाखवायची, हे लक्षातच आलं नाही. ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं, ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊ लागलं आणि मागून निळसर धूर. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत चावी काढल्यावरही पळत सुटू शकतं, हे मला नंतर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तर रविवारची झोप उडाली असती.

टर्बोच्या बाबतीत मी वाचलो. २००० आरपीएमच्या खाली या इंजिनात फारसा दम नसतो, आणि मला मायलेजचा नाद. यवतेश्वरचा घाट मी वरच्या गिअरमध्ये रेटत चढायचो, इंजिन कण्हत असताना. वर कासच्या रस्त्याला पोचलो की चहाच्या टपरीशी ताबडतोब चावी बंद. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा, एक्झॉस्टने तापलेला टर्बो, आणि त्याच्या बेअरिंगचं ऑइल एकदम थांबलेलं. ते तिथेच जळून कोळसा होतं. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायला माझं काय जात होतं? चहा तर तयारही नसायचा.

असं कण्हत चालवल्यामुळे ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा, काजळीने भरला. पिकअप गेला, काळा धूर सुरू झाला. साफ करणं हा त्यावरचा सरळ उपाय. मी ऐकलं ते दुसऱ्याच कुणाचं, आणि पत्र्याची एक प्लेट बसवून तो रस्ताच बंद करून घेतला. हा व्हॉल्व्ह नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी असतो. म्हणजे पर्यावरण दिनाला कॉलेजात भाषण करून मी असल्या गाडीने घरी जात होतो. पिवळा दिवा लागला तेव्हा काढली ती प्लेट. लागला नसता तर काढली असती का, सांगता येत नाही.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं राहिलं त्याचं थोडक्यात सांगतो: इंजेक्टर महाग असतात. पण त्या वेळी मी केलेला एक प्रकार आठवला की अजून अंगावर काटा येतो. वडिलांच्या जुन्या जीपमध्ये हवा धरली की पाइपचा नट ढिला करून स्टार्टर मारायचा, बुडबुडे गेले की आवळायचा. गाडी सुरू होईना तेव्हा मी पाना घेऊन कॉमन रेलच्या नटाशी गेलो. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत जातो. नट घट्ट होता आणि माझा पाना चुकीच्या मापाचा, म्हणून हात शाबूत आहे.

मध्यंतरी एका जुन्या विद्यार्थ्याने याच इंजिनाची दहा-बारा वर्षांची गाडी बघितली आणि मला फोन केला. मी सांगितलं, सकाळी जा आणि मालकाला आधी कळव की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघ, थंड असलं पाहिजे. सुरू करताना रेडिओ बंद, काचा खाली, पहिले पाच सेकंद फक्त कान दे. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आहे का बघ. ऑइलची बिलं माग आणि त्यावरची ग्रेड वाच.

"आणि सर, मालक म्हणाला की डिझेल आहे, आवाज करणारच, तर?"

"तर निघून ये," मी म्हणालो.