यंत्र नाही म्हणतंय...

खूप दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी ऑफिसात एक नवीन काम अंगावर पडलं, आणि त्या कामानं मला चक्क पुण्याहून नंदुरबारला नेऊन सोडलं. (मनानं हं, गाडीनं नाही!)

घरचे अजूनही विचारतात, "तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस काय?" तर मंडळी, सॉफ्टवेअरचा कुठला भाग काय करतो, त्याला काय द्यायचं, तो काय परत देतो, हे मी लिहून ठेवते. आजवर वाचणारे इंजिनीयर असायचे. आता एआय एजंट वाचतात, म्हणजे आपण साध्या भाषेत सांगितलेलं काम स्वतःच टप्प्याटप्प्यानं करणारे प्रोग्रॅम. त्यांच्यापुढे टूल्सची यादी ठेवायची: प्रत्येकाचं नाव, चार ओळींचं वर्णन, आणि कोणती माहिती भरायची ते. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही हाच प्रकार आहे. कोणतं टूल कधी वापरायचं, हे एजंट मुख्यतः ते वर्णन वाचूनच ठरवतो.

मला आलेलं टूल सोपं होतं. मी लिहिलं, "लाभार्थीची ओळख तपासते. उत्तर: हो किंवा नाही." सुटसुटीत! स्वतःवरच खूश झाले.

चाचणीसाठी आम्ही एक काल्पनिक आजी उभी केली. तिचा अंगठा जुळत नाही, असं मुद्दाम ठेवलं. टूलनं "नाही" दिलं आणि एजंटनं अत्यंत नम्रपणे आजीला कळवलं, "क्षमस्व, आपण या योजनेच्या लाभार्थी नाही."

माझ्या पोटात गोळाच आला. हे मी आधी ऐकलं होतं.

आमची मावशी. नंदुरबारची मिरची तुम्हाला ठाऊकच असेल. पथारीवर लालभडक मिरची वाळत पडलेली असते, आणि बायका बसून देठ खुडत असतात. मावशीची त्यात कित्येक वर्षं गेली. बोटांवरच्या रेषा पार झिजल्या. एकदा रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागेना. "मावशी, यंत्र नाही म्हणतंय," एवढं ऐकून ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. "मना आंगठा लागत नई," म्हणाली, जणू तिचाच काही गुन्हा. दुसऱ्या दिवशी मामा सोबत गेले. रांगेतल्या कुणीतरी बोट पुसून दुसरं लावायला सांगितलं, आणि लागलं की! यंत्र फक्त "हा ठसा जुळला नाही" म्हणत होतं. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ "हिला धान्य नाही" असा घेतला.

योगायोग बघा, देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात दिले गेले, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. म्हणून आधार पडताळणीची तांत्रिक कागदपत्रं काढून बसले. तिथेही उत्तर हो किंवा नाही असंच येतं, पण "नाही"सोबत एक आकडा असतो. ३०० म्हणजे बायोमेट्रिक माहिती जुळली नाही. ३३० म्हणजे त्या व्यक्तीनं स्वतःच बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. ५६१ म्हणजे विनंतीची मुदत संपली. ९९८ म्हणजे आधार क्रमांकच चुकीचा. एका "नाही"च्या पोटात इतके "नाही"! आणि यातला एकही "पात्र नाही" असं म्हणत नाही.

मग माझं वर्णन पुन्हा लिहिलं:

"हे टूल ठसा नोंदीतल्या ठशाशी जुळतो का, एवढंच सांगतं. पात्रता सांगत नाही. त्यासाठी पात्रता-यादीचं टूल वापरा. ठसा जुळला नाही, तर बोट पुसून दुसरं बोट लावायला सांगा. तरीही जुळला नाही, तर मोबाइलवर ओटीपी मागवता येईल का ते विचारा, नाहीतर कर्मचाऱ्याकडे सोपवा. सर्व्हरकडून उत्तर न येणं म्हणजे ठसा न जुळणं नव्हे. या उत्तरावरून कोणालाही लाभ नाकारू नका."

शिवाय टूलनं नुसतं "नाही" न देता कारण आणि पुढची पायरी दोन्ही द्यावीत, असा हट्ट धरला. एजंट ते उत्तरही वाचतोच ना! आणि नकार द्यायची सोयच प्रोग्रॅममधून काढायला लावली, कारण लिहिलेलं सगळं पाळलं जाईलच याची खात्री माणसांचीही नसते.

पुन्हा चाचणी. तीच आजी, तोच अंगठा. या वेळी एजंट म्हणाला, "आजी, ठसा जुळला नाही. बोट पुसून दुसरं बोट लावून बघाल का?" हुश्श!

खरं तर माझ्या लिखाणातल्या फटी आजवरही होत्याच. इंजिनीयर माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, चहाच्या टपरीवर विचारायचे, आणि फटी बुजायच्या. एजंट टपरीवर येत नाही. त्याच्यापाशी आपण लिहिलेलं असतं, तेवढंच. रांगेतल्या त्या माणसाला जे सहज ठाऊक होतं, ते कोणीतरी बसून लिहायलाच हवं.

रात्री मावशीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून विचारलं, "मग आते ते यंतर माले वळखी का?"

"ओळखेलच असं नाही गं," म्हटलं, "पण नाही ओळखता आलं, तर निदान तसं सांगेल तरी."

असो. तुमच्याही बोटांनी कुठे दगा दिला असेल, तर जरूर कळवा. यादीत भर घालायची आहे.