थांबल्यावरची उष्णता

पहाटे गाडी एका चावीत सुरू होते. दुपारी हायवेवरून येऊन दिंडोशीला सर्व्हिस रोडवर, २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रो स्थानकाजवळ, जरा वेळ बंद केली की मात्र स्टार्टर नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. बाबांची गाडी, कार्ब्युरेटरची.

मिस्त्रीने घाई केली नाही. गाडी तापेपर्यंत फिरवून आणली, बंद केली आणि आम्ही वाट पाहत बसलो. स्टार्टर जोमात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. प्लगवर ठिणगीही चांगली. उरला पेट्रोलचा दाट वास. इंजिन बंद झालं की पाणी खेळायचं थांबतं. धातूत साठलेली उष्णता मात्र वर चढतच राहते. पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक ४० अंशांच्या आतच उकळतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली ओघळतं आणि इंजिन गुदमरतं. मग अ‍ॅक्सिलरेटर पुन्हापुन्हा मारायचा नाही. पूर्ण दाबून धरायचा, हवा आत जाऊ द्यायची.

चालताना नव्हे, थांबल्यावर ती वाटी उकळते, हे मनातून जाईना. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बाबा फार अस्वस्थ असत. गॅलरीत येरझाऱ्या घालत. आई म्हणायची, ‘‘आता तरी निवांत बसा.’’ ते बसत, पुन्हा उठत. आत काय चाललं होतं, ते कधी बोलले नाहीत.

मिस्त्री कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारं जाड पॅकिंग बसवणार आहे. मे महिना अजून यायचाय.